एका फोनवर बावन्न मुलांचा वर्ग

प्रश्न : मी दिघा येथील एका अनुदानित मराठी शाळेत सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात ५२ मुले आहेत. गेल्या वर्षी मी ऑनलाइन प्रश्नमंजूषा घेतली, तेव्हा घरून फोन आणू शकलेली १९ मुले उत्तरे देत होती आणि उरलेली त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. बहुतेक घरांत फोन एकच, तोही वडील सकाळी एमआयडीसीत पाळीला जाताना घेऊन जातात. शाळेत प्रोजेक्टर आहे, पण वायफाय कार्यालयाबाहेर पोहोचत नाही. अशा वर्गात मोफत ऑनलाइन साधने खरोखर वापरता येतात का?
— एक शिक्षिका, नवी मुंबई

उत्तर : येतात. मात्र आपल्या पत्रातील ती उरलेली ३३ मुले डोळ्यांसमोर ठेवूनच साधन निवडावे, असे मला मनापासून वाटते. प्रत्येकाच्या हाती फोन गृहीत धरणारे साधन कितीही नावाजलेले असले, तरी ते आपल्या वर्गाच्या कामाचे नाही.

विज्ञानासाठी ‘फेट’पासून सुरुवात करावी. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या या प्रकल्पातील अनेक आभासी प्रयोग मराठीतही आहेत. प्रयोगाची फाइल घरी उतरवून पेनड्राइव्हवर आणली, तर ती शाळेच्या संगणकावर इंटरनेटशिवाय उघडते आणि त्यासाठी मुलांची खाती काढावी लागत नाहीत. विद्युत परिपथाचा प्रयोग घ्या. पडद्यावर एक घट आणि एकसर जोडणीतील दोन दिवे मांडून थांबा, आणि त्यांतला एक दिवा काढला तर दुसऱ्याचे काय होईल, हे प्रत्येकाला वहीत लिहायला सांगा. सगळ्यांचे लिहून होईपर्यंत माउसला हात लावू नका. मग समांतर जोडणी करून तोच प्रश्न पुन्हा विचारा. मात्र त्याच तासाला खरा सेल, वायर आणि टॉर्चचा बल्बही मुलांच्या हातात द्यावा. सैल जोडणी आणि उतरलेला सेल यांची ओळख हातांनीच होते.

प्रश्नमंजूषेसाठी ‘प्लिकर्स’ पाहावे. यात फोन फक्त शिक्षकाकडे असतो. मुलांना कागदावर छापलेली कार्डे द्यायची. कार्डावरील आकृतीच्या चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरे असतात, आणि आपले उत्तर वर येईल असे कार्ड मुलाने धरले की आपण कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याची नक्कल सहज करता येत नाही, आणि कधीही हात वर न करणाऱ्या मुलाचे उत्तरही आपल्याला कळते. मला या साधनाचे सर्वांत मोठे मोल तेच वाटते. मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचा संच मिळतो. आपल्या फोनचा डेटा वापरावा लागेल, आणि मोफत खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न घालता येतात. तासाअखेरीस तेवढे पुरतात. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, प्रकाश चमकला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. मुलांच्या नावांऐवजी हजेरी क्रमांकच भरा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. त्यामुळे जी माहिती लागतच नाही, ती न देणे उत्तम.

गणितात ‘जिओजिब्रा’ हे पडद्यावर भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येणारे साधन घ्यावे. भौमितिक रचना शिकवताना त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक काढून एक शिरोबिंदू हळूहळू ओढत न्या. विशालकोन त्रिकोण होताच हे लंबदुभाजक जिथे मिळतात ते परिकेंद्र आकृतीबाहेर पडते, आणि फळ्यावर एकच आकृती काढून न दिसणारी ही हालचाल मागच्या बाकावरूनही दिसते.

‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक ॲप आपण वापरत असालच. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड तिथेच नेतात, आणि ॲपमध्ये साहित्य आधी उतरवून ठेवले तर वर्गात नेटवर्क नसतानाही दाखवता येते. मात्र तेथील चित्रफीत पाहून येण्याचा गृहपाठ सक्तीचा करू नये. वडील रात्रपाळीला असतील, तर त्या घरात संध्याकाळीही फोन नसतो. असा भाग आपण प्रोजेक्टरवर वर्गातच दाखवावा, आणि घरी वहीतले काम द्यावे.