इंजिन राहू दे भावा, आधी बोगी मागू

तुझा प्रश्न थोडक्यात असा: भारतीय गाड्यांची एचओ (खऱ्याच्या १/८७ मापाची) मॉडेलं करायला एखादा उत्पादक खरोखर तयार झाला आणि आपल्याला त्याच्याकडं एकच वस्तू मागता आली, तर काय मागायचं? तुझं मत डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाला. त्याखाली बाकीच्यांनी आपापली इंजिनं मांडलीत. कुणाला विजेवरचं डब्ल्यूएपी-७ पाहिजे, कुणाला मीटरगेजचं वाफेवरचं वायपी, दोघांना वंदे भारत. सगळी यादी वाचून काढली. डबा एकानंही मागितलेला नाही, आणि बोगी तर कुणाच्या मनातही आलेली नाही.

मी बोगी मागीन. आयसीएफची, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या पद्धतीच्या डब्याखालची.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण "पुढच्या बोगीत जागा हाय, पळ" म्हणतो तेव्हा आपल्याला डबा म्हणायचा असतो. रेल्वेवाल्यांची बोगी म्हणजे डब्याच्या पोटाखालची चार चाकांची गाडी. एका डब्याला अशा दोन. ती कुणाच्या लक्षात येत नाही याला कारण आहे. कोल्हापूर स्टेशनात तू आयुष्यभर गाड्या बघितल्यास, पण फलाटावरून बघितल्यास, आणि फलाट नेमका तेवढाच भाग झाकतो. मला ती पहिल्यांदा नीट दिसली ती रुकडीकडच्या एका फाटकाशी सायकल टेकून उभा होतो तेव्हा. डोळ्यांच्या उंचीला चाकं. चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगमध्ये बसवलेले डॅशपॉट (धक्का जिरवणाऱ्या तेलाच्या नळ्या), मधोमध बोल्स्टरच्या, म्हणजे डब्याचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या, जाड स्प्रिंगा, त्यांना तोलणारे लांब हँगर, आणि एका टोकाला पट्ट्यावर फिरणारा, डब्यासाठी वीज करणारा अल्टरनेटर. खिडकीतले चेहरे त्या दिवशी बघितलेच नाहीत.

आता आकड्यांकडं ये. आयसीएफ बोगीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं (चाकांच्या आसांमधलं) अंतर २८९६ मिमी. त्याला ८७ नं भाग, ३३.३ मिमी येतात. युरोपातल्या डब्यांच्या ज्या बोग्या सुट्या मिळतात त्यात मिंडेन-डॉइट्झ जातीची बोगी सगळ्यात सोयीची, पण तिचं मूळ अंतर २५०० मिमी, म्हणजे एचओत २८.७. साडेचार मिलिमीटरचा फरक. हाताच्या अंगठ्याएवढ्या वस्तूत साडेचार मिलिमीटर म्हणजे डोळ्यांत कुसळ. गंमत अशी की नव्या, जर्मन आराखड्याच्या एलएचबी डब्यांची फियाट बोगी २५६० मिमीची आहे, म्हणजे २९.४. तिथं हीच युरोपियन बोगी घातली तर फरक पाऊण मिलिमीटरच्या आत राहतो. चांगला रंग दिला तर मला सुद्धा पटकन कळायचं नाही. म्हणजे एलएचबीची तात्पुरती सोय होते, आयसीएफची होत नाही.

तुझ्या डब्ल्यूडीएम-२ चंही तसंच. ते मुळात आल्को या अमेरिकन कंपनीचं डिझाइन. त्याच्या ट्रायमाउंट बोग्या, म्हणजे तीन अ‍ॅक्सल पण मधली अंतरं असमान, आल्कोच्या सहा अ‍ॅक्सलच्या अमेरिकन इंजिनांखाली पण होत्या, आणि त्या इंजिनांची एचओ मॉडेलं पूर्वीपासून निघतात. यंत्रणा तिकडची, वरचं शेल (कवच) घरी केलेलं, असं करून आपल्यातल्या चार-पाच जणांनी डब्ल्यूडीएम-२ उभं केलंय. थोडी तडजोड आहे, पण उभं राहतं. इंजिन एक लागतं आणि एकासाठी माणूस सहा महिने झिजतो. सहा डब्यांना बारा बोग्या लागतात. बारा वेळा कोण झिजणार?

म्हणून सगळ्यांच्या घरी एकच चित्र दिसतं: पुढं सुरेख इंजिन आणि मागं जर्मन डब्यांना मरून रंग फासलेला.

मी झिजून बघितलंय, ते सांगतो. उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक पॅटर्नमेकर होते, वय सत्तरीच्या पुढं. सगळी हयात पंपांच्या आणि मोटारींच्या कास्टिंगचे लाकडी पॅटर्न करण्यात गेलेली. त्यांच्यापुढं मी बोगीच्या बाजूच्या फ्रेमचं एचओ मापाचं ड्रॉइंग ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "हे कुणाच्या घड्याळातलं काढलंस?" मग पेन्सिल घेऊन एकेका स्प्रिंगवर टिचकी मारत गेले. "ड्राफ्ट कुठाय? साच्यातनं बाहेर कसं यायचं हे? हँगरच्या मागं हात घालणार काय?" शेवटी तोडगा त्यांनीच दिला. एका तुकड्याचा हट्ट सोड. फ्रेम वेगळी, स्प्रिंगा वेगळ्या, हँगर वेगळा, आणि मग जोड. आजही कुठल्या उत्पादकाला मी हेच सांगीन.

त्यांच्या सांगण्यावरून मेणाचा मास्टर (मूळ नमुना) केला आणि हुपरीला चांदीचे दागिने ओतणाऱ्या एका कारागिराकडं नेला. तिथं ओतण्यासाठी एका दांड्याला जोडलेल्या मेणाच्या नमुन्यांच्या झाडाला पैंजणाच्या घुंगरांशेजारी माझ्या बोगीच्या फ्रेमा लोंबकळत होत्या, तो फोटो अजून माझ्याकडं आहे. ओतल्या पितळेत. पहिली खेप हातात आली, व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) लावला, तर ३३.३ च्या जागी ३२.७. धातू आकसतो हे कोल्हापूरच्या माणसानं विसरावं, ही लाज. दुसरा मास्टर ३४ चा केला तेव्हा माप बसलं.

खरी फजिती पुढंच होती. बोग्या डब्याखाली बसवल्या, डबा रुळावर ठेवला, कंट्रोलर फिरवला आणि सगळं बंद. शॉर्ट. अर्धा दिवस मी रुळाचे जोड तपासत बसलो. चूक साधी होती. एचओच्या चाकांच्या बऱ्याच जोडांत एकच चाक इन्शुलेट केलेलं, म्हणजे अ‍ॅक्सलपासून विजेला तोडलेलं असतं. मी एका अ‍ॅक्सलचं इन्शुलेट चाक डावीकडं आणि दुसऱ्याचं उजवीकडं लावलेलं. प्लास्टिकच्या बोगीत हे खपून जातं. पितळेची फ्रेम मात्र दोन्ही रूळ थेट जोडून देते. दोन्ही जोड एकाच दिशेनं फिरवले आणि गाडी चालली. हे आता वाचलंस म्हणजे तुझा अर्धा दिवस वाचला.

चाकांची मात्र चैन आहे, ती चुकवू नकोस. आपल्या डब्याचं नवं चाक ९१५ मिमी व्यासाचं, म्हणजे एचओत १०.५. अमेरिकन डब्यांचं ३६ इंची चाक ९१४ मिमीचं. त्यामुळं ३६ इंची म्हणून विकले जाणारे चाकांचे जोड आपल्याला जसेच्या तसे चालतात. ३३ इंची घेऊ नकोस, ती मालडब्यांची.

आता उत्पादकाच्या बाजूनं बघ. इंजिन काढायचं तर मोटर, गिअर, सर्किट, दिवे, त्यात डब्ल्यूडीएम-२ चे पोटप्रकार. आपण तरी दोन इंजिनं सारखी कधी बघितलीत? बोगीला चार-पाच प्लास्टिकचे तुकडे आणि एक डाय (साचा). आणि ती डाय किती ठिकाणी कामाला येते बघ: जनरल, स्लीपर, एसएलआर (गार्ड-सामानाचा डबा), पार्सल व्हॅन, जुने डबे बदलून केलेले मोटारी वाहणारे एनएमजी, अपघात मदतगाडीचे डबे. पेरांबूरच्या कारखान्यातनं पहिला डबा १९५५ साली २ ऑक्टोबरला बाहेर पडला, आणि जुन्या पद्धतीचा शेवटचा २०१८ मध्ये. मूळ आराखडा स्वित्झर्लंडच्या श्लीरेनचा. साठ-बासष्ट वर्षं एकाच कुळातले डबे देशभर फिरले, म्हणजे मरून काळाचा नाद असो की निळ्या काळाचा, गिऱ्हाईक तेच. नव्या लोकांसाठी सांगतो, मरून रंग व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातला, निळा एअर ब्रेकच्या.

बोगीच्या पाठोपाठ डबा मागायचा झाला तर एसएलआर मागा. तू स्लीपर म्हणशील. पण एसएलआर नसेल तर गाडीला शेपूट नाही. गार्डची जागा, सामानाचे दरवाजे आणि थोडे प्रवासी, सगळं एका डब्यात. मिरज पॅसेंजर करायची तर दोन टोकांना दोन एसएलआर आणि मध्ये जनरल, झालं. कोल्हापूर शेवटचं स्टेशन असल्यामुळं मॉडेलला फार सोयीचं: गाडी आली, इंजिन सुटलं, बाजूच्या रुळावरनं वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागलं. दोन मीटरच्या फळीवर संध्याकाळ जाते.

लांबीचा हिशेब मात्र आधी कर. आयसीएफ डबा बफरसकट २२.३ मीटर, एचओत २५६ मिमी. सहा डबे आणि इंजिन म्हणजे पावणेदोन मीटर. बारा डब्यांची महालक्ष्मी तीन मीटरच्या पुढं जाते, ती राजारामपुरीतल्या खोलीत मावायची नाही. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान अडीच पट ठेव, तीनपट असली तर उत्तम. म्हणजे साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या खाली उतरू नकोस. स्टार्टर संचातल्या १८ इंची वळणावर हे डबे मधोमध आत झुकतात आणि बाजूच्या सिग्नलला घासतात.

खिडक्यांच्या गजांबद्दल एक विनवणी. जनरल डब्याचा आडवा गज समज १२ मिमी जाड. एचओत तो ०.१४ मिमी. प्लास्टिकच्या साच्यात तो दुप्पट-तिप्पट जाड येतो आणि डबा कळंब्याच्या जेलसारखा दिसतो. त्यापेक्षा गज पारदर्शक खिडकीवर छापून द्या, नाहीतर आम्लानं कोरून (एच करून) केलेली पत्र्याची जाळी वेगळी द्या. साच्यात ओतू नका.

कुणीतरी नक्की विचारणार, ब्रॉडगेजचं काय? बरोबर आहे. १६७६ मिमी भागिले ८७ म्हणजे १९.२६, आणि आपण चालवतो एचओच्या १६.५ मिमी रुळावर. डबा ३७ मिमी रुंद, खाली रूळ अरुंद. तालमीतल्या पैलवानाला पोराची चप्पल घातल्यासारखं दिसतं, समोरनं बघितलं तर जास्तच. पण १९.२६ चा हट्ट धरला की रूळ, सांधे, चाकं, सगळं हातानं करावं लागतं आणि उत्पादक दारातनंच परत जातो. बाजूनं बघा आणि सुखी राहा.

मालगाडीत मला गार्डचा ब्रेक व्हॅन हवा, चार चाकी, मागं एलव्हीची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी. बॉक्सएन (उघडी वाघीण) मागणारे भरपूर आहेत, त्यांनी मागावा.

आणि एक वेडी इच्छा, तिच्यामागं हिशेब पण आहे. मिरजेला एके काळी तिन्ही गेज होते. कोल्हापूरची लाइन १८९१ ला मीटरगेज म्हणून सुरू झाली, १९७१ ला ब्रॉडगेज झाली. लोंढ्याकडं मीटरगेज पुढं बरीच वर्षं टिकलं, आणि पंढरपूरकडं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन होती. ७६२ मिमी भागिले ८७ म्हणजे ८.८. एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान मापाच्या मॉडेलांचा, रूळ ९ मिमीचा. म्हणजे बार्शीला रूळ आणि यंत्रणा एन गेजची चालते, फक्त वरचं शेल एचओचं लागतं. जी तडजोड ब्रॉडगेजला पावणेतीन मिलिमीटरची, ती इथं पाव मिलिमीटरची. ती लाइन उभी करणाऱ्या एव्हरर्ड कॅलथ्रॉपनं अ‍ॅक्सलमागं पाच टनांचं बंधन घालून सगळे डबे-वाघिणी आखल्या होत्या. (ह्याच माणसानं पुढं विमानातनं उडी मारायचं पॅराशूट केलं.) इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्डचा इंजिनिअरही तोच, आणि ती लाइन तिकडच्या छंदिष्टांची लाडकी. म्हणजे बार्शीच्या मॉडेलला परदेशातही गिऱ्हाईक मिळेल, जे आपल्या जनरल डब्याला मिळायचं नाही.

वंदे भारतवाल्यांनो, रागावू नका. २०२४ पासून ती पुण्याहून आपल्याकडं येते, मीही बघायला गेलो होतो. पण तिची खेळणी ढिगानं मिळतात आणि त्यातनंच आपली भूल होते. एकदा मी "एचओ" असा शिक्का असलेला भारतीय डब्यांचा संच मागवला होता. कुणाचा ते सोडा. व्हर्निअर लावला तर बफर सोडून २४५ मिमी असायला पाहिजे तो डबा २१२ निघाला. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, "सर, मुलं खूश आहेत ना?"

शेवटचं दुखणं आपलंच आहे. काही वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या डाय करणाऱ्या एका ओळखीच्याकडं मी बोगीचं बोलणं लावलं होतं. आपल्या मंडळींना विचारलं, चाळीस जणांनी हात वर केले. आगाऊ पैसे नऊ जणांनी भरले. त्या माणसानं ड्रॉइंग परत दिलं, चहा पाजला, आणि नऊ जणांचे पैसे मी एकेकाला परत केले. म्हणून उत्पादकाला पत्र लिहायच्या आधी बारा-बारा बोग्यांचे पैसे भरणारे पन्नास जण जमव. ड्रॉइंग माझ्याकडं आहे, सुधारलेल्या मापांसकट. हुपरीच्या दोन पितळी बोग्या पण कपाटात आहेत. रविवारी सकाळी ये, फाटकाजवळ उभं राहून खरी पण दाखवतो. येताना व्हर्निअर आण, माझ्याचा सेल संपलाय.