फंक्शनल प्रोग्रामिंगच्या संशोधनात उतरायचंय? आधी इफेक्ट्स हाताळून बघ

इफेक्ट म्हणजे उत्तर देण्यापलीकडे फंक्शन जे करतं ते, जसं छापणं किंवा फाइल वाचणं. ते हाताळायची एक जुनी पद्धत म्हणजे मोनाड, पण त्यावरचे लेख वाचत बसू नकोस, त्यात महिने जातात (माझे गेले). सध्या खरी हालचाल इफेक्ट हँडलर्समध्ये आहे, म्हणजे इफेक्ट झाला की काय करायचं ते ठरवणाऱ्या कोडमध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५.० पासून ते त्या भाषेतच आहेत. प्रकार एक्सेप्शनसारखाच, फक्त जिथून बाहेर पडलो तिथे परत जाऊन काम पुढे नेता येतं. पण फंक्शन कोणते इफेक्ट करतं हे ओकॅमलचा टाइप सांगत नाही. कोका भाषेत ते टाइपमध्येच दिसतं. एकच छोटा शेड्युलर (अनेक कामं आळीपाळीने चालवणारा कोड) दोन्हींत लिहून बघ, इफेक्ट टाइपमध्ये दिसावेत का हा वाद कशावरून आहे ते लगेच कळेल.

दुसरा विषय मेमरीचा, आणि मला जास्त आवडणारा. कोका आणि लीन ४ या भाषा रेफरन्स मोजतात, म्हणजे एखादा डेटा किती ठिकाणी धरलेला आहे ते. डेटा दुसरं कोणी वापरत नसेल तर नवी जागा न घेता जुन्याच जागी बदल होतो. लीनमध्ये जुना अ‍ॅरे चुकून कुठे धरून ठेवलास की बदल करताना अख्खा कॉपी होतो. माझा एक प्रोग्राम यापायीच रखडत होता.

लिनियर टाइप्स (व्हॅल्यू नेमकी एकदाच वापरायची अट घालणारे) हास्केल भाषेत तिच्या जीएचसी या कंपायलरच्या ९.० आवृत्तीपासून आहेत, ते नंतर बघ. आयसीएफपी या फंक्शनल प्रोग्रामिंगच्या परिषदेचे पेपर उघडलेस तर आधी उदाहरणं वाच, सिद्धता मागाहून.