लाल माठाची भाजी पाणचट होऊ नये म्हणून

भाजीला पाणी सुटतं ते बहुतेक वेळा धुण्यामुळे आणि घाईने घातलेल्या मिठामुळे. जुडी निवडून आधी तीन पाण्यांतून धुवा. पावसाळ्यात मुळांशी माती फार असते. मग चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि त्यानंतरच चिरा. चिरून धुतली तर रंग आणि चव पाण्याबरोबर जाते. कोवळे देठ टाकू नका, बारीक चिरून वेगळे ठेवा.

चार वाट्या चिरलेल्या भाजीला दोन चमचे तेल, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि एक मध्यम कांदा. कढई पसरट हवी. खोलगट भांड्यात पाला एकावर एक बसतो आणि परतण्याऐवजी वाफेवर शिजतो. लसूण कडांना जेमतेम तांबूस झाली की कांदा घाला. ती करपली तर भाजी कडवट लागते. कांदा मऊ झाल्यावर देठ दोन मिनिटं परता, मग पाला. आच मोठी, झाकण नाही. तीन-चार मिनिटांत पाला बसतो.

मीठ आता, पाला बसल्यावरच. आधी ढीग बघून घातलं तर हमखास खारट होतं. शेवटी मूठभर ओलं खोबरं घालून एकदा हलवा आणि गॅस बंद करा.

टाकळाही असाच करता येतो, पण पहिल्या पावसानंतरचा कोवळाच घ्या. जून पाला कितीही परतला तरी चरबट लागतो.