साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी घेतोयस ना, मग आधी कट बघ

अरे सगळे कॅरेट कॅरेट करतात पण कॅरेट म्हणजे फक्त वजन, 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, आणि दुकानदार 30 सेंट म्हणाला की 0.30 कॅरेट समजायचं. चमक येते ती कटमुळे, म्हणजे हिऱ्याचे पैलू कसे पाडलेत त्यावरून, त्यामुळे राउंड घेणार असशील तर सर्टिफिकेटवर कट एक्सलंट आहे का ते बघच, इथे बिलकुल तडजोड करू नकोस. कट वाईट असेल तर मोठा हिरापण मंद दिसतो. कलर डी पासून झेड, डी सगळ्यात पांढरा, पण अंगठी पिवळ्या सोन्यात असेल तर जी-एच मस्त चालतो, उगाच डी साठी पैसे घालू नको. क्लॅरिटीचं, म्हणजे हिरा किती बिनडाग आहे त्याचं पण तेच, व्हीएस ग्रेडमधले डाग भिंगाशिवाय दिसत नाहीत. आणि हो, छोटे छोटे हिरे असतील तर सांगितलेलं वजन सगळ्यांचं मिळून आहे की मधल्या एकाचं ते नक्की विचार, मला तर ही सगळ्यात मोठी फसगत वाटते. सर्टिफिकेट जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं घे, हिरा नॅचरल की लॅबग्रोन (लॅबमध्ये बनवलेला) ते त्यावरच वाच, दोघांच्या किमतीत प्रचंड फरक असतो. हिऱ्याच्या कडेवर लेझरने नंबर कोरलेला असेल तर भिंगातून दाखवायला सांग, लाजू नकोस.