मेन बोर्ड बदलल्याने लाइट बिल कमी होईल का?

दांडिया बाजारातील वाचक भगिनींस, स. न. वि. वि.

आपले पत्र आणि सोबत पाठवलेले दरपत्रक व वीजबिल मी लक्षपूर्वक वाचले. पोळीतले, म्हणजे जुन्या वडोदऱ्यातल्या दाटीच्या गल्लीतले, आपले घर दोन मजली, लाकूड आणि विटांचे, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले आहे. आजही त्याच्या मेन बोर्डावर चिनी मातीचे फ्यूज आहेत आणि खालच्या मजल्यावर एसी व गीझर एकत्र चालवले की फ्यूज उडतो. वायरमनने बोर्ड, अर्थिंग आणि सगळ्या घराची वायरिंग मिळून 96,000 रुपयांचे काम सुचवले असून त्यामुळे बिल पंचवीस टक्के कमी होईल, असे सांगितले आहे. त्या बचतीच्या भरवशावर चार लाखांची ठेव मुदतीपूर्वी मोडावी, की दुकानदार देत असलेल्या क्रेडिट कार्डाच्या बारा हप्त्यांवर काम करून घ्यावे, असा आपला प्रश्न आहे.

काम करून घ्यावे, पण बिल कमी होईल म्हणून नव्हे, आणि 96,000 रुपयांचे तर नव्हेच. ठेवही मोडू नये आणि कार्डाचे हप्तेही घेऊ नयेत.

आधी पंचवीस टक्क्यांचा दावा तपासू. आपल्या दोन महिन्यांच्या बिलात 680 युनिट आहेत आणि रक्कम सुमारे 5,100 रुपये आहे. मध्य गुजरात वीज कंपनीच्या, म्हणजे ज्या कंपनीला आपण वडोदरेकर गुजरात विद्युत मंडळ (जीईबी) 2005 मध्ये विभागले गेल्यानंतरही जीईबीच म्हणतो तिच्या, शहरी घरगुती दरांत महिन्याचे पहिले 50 युनिट 3.05 रुपयांनी, पुढचे 50 युनिट 3.50 रुपयांनी, त्यापुढचे 150 युनिट 4.15 रुपयांनी आणि 250 च्या वरचे 5.20 रुपयांनी आकारले आहेत. त्यावर प्रत्येक युनिटमागे इंधन अधिभार लागतो, जो आपल्या बिलात 2.30 रुपये आहे, आणि या सगळ्यावर 15 टक्के वीज शुल्क. म्हणजे आपण वाचवलेला सर्वांत वरचा युनिट आपल्याला सुमारे 8 रुपये 60 पैशांना पडतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण घरातल्या विजेच्या प्रत्येक खर्चाचा हिशेब यापुढे याच आकड्याने करता येईल.

युनिट पंचवीस टक्के कमी होणे म्हणजे महिन्याला 85 युनिट वाचणे. आज एवढी वीज बोर्डात आणि तारांत वाया जात असेल, तर ती उष्णता होऊनच बाहेर पडत असली पाहिजे, कारण तिला जायला दुसरी वाट नाही. रोजचे 2.8 युनिट, आणि तेही एसी, गीझर यांसारखा मोठा भार चालू असतानाच्या आठेक तासांत, म्हणजे आपल्या भिंतींत आणि लाकडी पट्ट्यांत रोज आठ तास साडेतीनशे वॅटचा हीटर चालू असल्यासारखे होईल. तसे असते तर बिलाचा प्रश्न पडण्याआधीच पट्ट्या काळ्या पडल्या असत्या.

खरा तोटा किती असतो, हेही पाहू. एसीला 1.5 चौरस मिलिमीटरची जुनी तांब्याची तार बोर्डापासून पंधरा मीटर नेलेली आहे आणि तिच्यातून 7 अँपिअर प्रवाह वाहतो, असे धरले तर तारेत सुमारे 18 वॅट वाया जातात. तीच तार 4 चौरस मिलिमीटरची केली तर 7 वॅट जातात. फरक 11 वॅटचा. रोज आठ तास एसी चालला तर महिन्याला अडीच युनिटांच्या आसपास, म्हणजे 23 रुपये वाचतात. बाकीच्या खोल्यांत पंखे आणि दिवे असल्याने प्रवाह एवढा कमी असतो की तिथली बचत मोजण्याजोगीही नाही. सगळे मिळून वर्षाला पाचशे रुपये वाचले तरी मी ते भरपूर मानीन. वायरमनचा दावा शब्दशः खरा धरला तरी दोन महिन्यांना 1,466 रुपये, वर्षाला सुमारे 8,800 रुपये वाचतील आणि 96,000 रुपये वसूल व्हायला अकरा वर्षे लागतील. मग त्यातही ठेवीचे बुडालेले व्याज मोजायचे राहतेच.

एका बाबतीत मात्र जुनी वायरिंग बिलात खरोखर दिसू शकते, आणि ती म्हणजे गळती. आपल्या भागातल्या जुन्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, तारेवरचे जुने रबर किंवा कापडी वेष्टण कडक होऊन तडकते आणि फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, तारेतून थोडा प्रवाह भिंतीत उतरू लागतो. 100 मिलिअँपिअरची गळती म्हणजे 23 वॅट, पण ती चोवीस तास चालते, म्हणून महिन्याला साडेसोळा युनिट आणि सुमारे 140 रुपये होतात. याहून गंभीर म्हणजे तेवढा प्रवाह माणसाच्या शरीरातून गेला तर जीव जाऊ शकतो. याची पहिली तपासणी आपल्याला घरबसल्या करता येईल. घरातला प्रत्येक स्विच बंद करावा, फ्रिज आणि टीव्हीचे प्लग काढावेत, मेन स्विच मात्र चालू ठेवावा आणि मीटरवरच्या लाल दिव्याकडे काही मिनिटे पाहावे. मीटरवर एका युनिटमागे 3200 लुकलुकी असे छापलेले असेल, तर 23 वॅटच्या गळतीला तो दिवा साधारण पन्नास सेकंदांतून एकदा लुकलुकेल. काहीच चालू नसताना तो लुकलुकत राहिला, तर एक तर तारेत गळती आहे, नाही तर आपल्या मीटरवर घरातलाच दुसऱ्या मजल्यावरचा किंवा शेजारचा एखादा पॉइंट जोडलेला आहे. वाटण्या झालेल्या जुन्या घरांत हा दुसरा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे, आणि तो मिटवणे हा बिल कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग असतो.

तरीही काम करावे असे मी म्हणतो, ते सुरक्षिततेसाठी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घातली आहे, असे आपण लिहिले आहे. त्या क्षणापासून तो फ्यूज फ्यूज राहिलेला नाही, कारण आता तो वितळण्याआधी भिंतीतली तार तापेल. लाकडी तुळया आणि माळा असलेल्या घरात हे एक दिवसही चालू ठेवू नये. हा खर्च परताव्याच्या हिशेबात बसवू नये. छप्पर गळत असताना आपण ते दुरुस्त करतो, तेव्हा त्यावर किती टक्के सुटतील, असे कोणी विचारत नाही.

आता दरपत्रकाकडे वळू. त्यात नवा बोर्ड, एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) यांचे 17,000, दोन अर्थिंगचे 9,000, सगळ्या घराच्या वायरिंगचे 58,000, पॉवर सेव्हर नावाच्या उपकरणाचे 6,500 आणि थ्री फेज जोडणीच्या कामाचे 5,500 रुपये आहेत. यातला पॉवर सेव्हर पूर्णपणे वगळावा. घरगुती मीटर आपल्याकडून खऱ्या युनिटांचेच पैसे घेतो, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) सुधारल्याने त्यात काहीही कमी होत नाही, आणि त्या डबीत बहुधा एका कपॅसिटरपलीकडे काही नसते. त्याच 6,500 रुपयांत आपल्या घरात सर्वाधिक चालणारे दोन पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचे, पंखे लावावेत. जुना पंखा 75 वॅट घेतो, नवा 30 च्या आसपास. रोज बारा तास आणि वर्षातले नऊ महिने पंखा चालला तर एका पंख्यामागे 145 युनिट, म्हणजे सुमारे साडेबाराशे रुपये वाचतात. बिल कमी करायचे असेल तर पैसा इथे घालावा.

थ्री फेजचीही आपल्याला गरज नाही. 6 किलोवॅटपर्यंत सिंगल फेज जोडणी चालते. आजचा एसी, वरच्या मजल्यावर घ्यायचा दुसरा एसी, 2 किलोवॅटचा गीझर आणि बाकीचे किरकोळ धरून आपला एकूण भार 6 किलोवॅटच्या आसपास जातो, आणि हे सगळे एकाच वेळी चालत नाही. मुलगा मकरपुऱ्याला जाण्यासाठी विजेची स्कूटर घेणार आहे. तिचा चार्जर साधारणपणे एक किलोवॅटच्या आतला असतो आणि रात्री वेगळ्या अर्थिंगच्या प्लगवर चालतो. मंजूर भार 4 वरून 6 किलोवॅट केल्यास स्थिर आकार महिन्याला 25 रुपयांवरून 45 रुपये होईल, शुल्कासह वर्षाला 276 रुपये अधिक. भारवाढीसाठी कंपनी अनामत रक्कमही मागेल, ती बाजूला ठेवावी.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दरपत्रक देणारे ती सांगत नाहीत. बोर्ड सक्षम झाल्यावर बहुतेक घरांचे बिल वाढते. दुसरा एसी उन्हाळ्यातल्या 120 रात्री सहा तास चालला आणि तासाला सरासरी अर्धा युनिट घेतला, तरी 360 युनिट, म्हणजे तीन हजारांहून अधिक रुपये वर्षाला वाढतील. तो एसी घेऊ नये असे मी म्हणणार नाही, वडोदऱ्याचा मे महिना मला ठाऊक आहे. मात्र घरखर्चाच्या अंदाजात बिल वाढलेले धरावे.

पैशांची व्यवस्था मी अशी करीन. कामाला हात लावण्याआधी, ज्याने दरपत्रक दिले नाही अशा परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून प्रत्येक सर्किटची मेगर चाचणी, म्हणजे तारेच्या वेष्टणातून वीज गळते का याची तपासणी, करून घ्यावी. इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगओम आला पाहिजे. ही चाचणी न करता जुन्या तारांवर नवा बोर्ड बसवला, तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळतीमुळे सतत पडत राहतो, घरचे वैतागतात आणि शेवटी कोणीतरी तो वगळून थेट जोडणी करून देतो. मग सतरा हजारांचा बोर्ड नुसती शोभा उरते.

चाचणी समाधानकारक आली, तर पहिल्या टप्प्यात बोर्ड, आरसीसीबी आणि अर्थिंगचे 26,000 रुपये आणि एसी, गीझर व स्वयंपाकघर यांच्या स्वतंत्र नव्या तारांचे साधारण 18,000 रुपये, असे 44,000 रुपये बचत खात्यातल्या 70,000 रुपयांतून द्यावेत. आपली दोघांची पेन्शन दरमहा येत असल्याने खात्यात 26,000 रुपये राहणे मला पुरेसे वाटते, आणि अडीनडीला ठेव आहेच. उरलेली 40,000 रुपयांची वायरिंग तेरा महिन्यांनी ठेवीची मुदत संपल्यावर करावी. चाचणीत तारा नापास झाल्या, तर मात्र थांबू नये. तेव्हा ही 40,000 ची रक्कम ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टमधून, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर मिळणाऱ्या उचलीतून, काढावी. बँका त्यावर सहसा ठेवीच्या दराहून एक ते दोन टक्के अधिक व्याज घेतात. आपली ठेव 7.25 टक्क्यांची आहे, म्हणून 8.25 टक्के धरले आणि दरमहा 5,000 रुपये फेडले, तर आठ महिन्यांत एकूण व्याज सुमारे 1,250 रुपये होईल. याउलट 96,000 रुपये कार्डावर 15 टक्क्यांनी बारा हप्त्यांत घेतले, तर व्याज जवळपास 8,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी आणि शिवाय प्रक्रिया शुल्क. आणि ठेव मोडली, तर अनेक बँका चार लाखांच्या पूर्ण रकमेवर आजवरच्या काळाचा व्याजदरही अर्ध्या ते एक टक्क्याने कमी करतात. चाळीस हजारांसाठी चार लाखांवरचे व्याज गमावणे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

आपण सौर छताबद्दल एका ओळीत विचारले आहे, पण माझ्या मते बिल कमी करण्याचा खरा विषय तोच आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून अधिकला 78,000 रुपये अनुदान मिळते. 2 किलोवॅटचा संच दिवसाला साधारण 8 युनिट देतो, म्हणजे महिन्याला 240, आणि आपल्या दरांत त्याची किंमत वर्षाला वीस हजारांच्या पुढे जाते. अनुदान वजा जाता तीन ते चार वर्षांत पैसे वसूल होणे शक्य आहे, जे बोर्डाच्या बाबतीत कधीही होणार नाही. अडचणी दोन आहेत. पोळीत शेजारच्या उंच घराची सावली पडते, म्हणून सकाळी नऊ ते दुपारी तीन गच्चीवर किती ऊन राहते, हे डिसेंबरात स्वतः पाहावे. आणि गच्ची दिरांच्या सामाईक नावावर असेल, तर त्यांची लेखी संमती आधी घ्यावी. सौर संचाला चांगले अर्थिंग आणि बोर्डात मोकळी जागा लागतेच, म्हणून आताच्या बोर्डात चार जागा रिकाम्या ठेवायला सांगाव्यात. त्याला फारसा जादा खर्च येत नाही आणि पुढची तोडफोड वाचते.

घराचा विमा आहे की नाही, हे पत्रात नाही. नसेल तर 2021 पासून सर्व जनरल इन्शुरन्स कंपन्या देत असलेली भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी पाहावी. तिच्यात आगीचे संरक्षण आहे आणि सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. प्रस्तावात बांधकाम लाकडाचे आहे हे न लपवता लिहावे आणि बोर्डाच्या कामाचे जीएसटीसह पक्के बिल जपून ठेवावे.

वायरमनशी बोलताना पॉवर सेव्हर आणि थ्री फेज काढून टाकलेले 84,000 रुपयांचे नवे दरपत्रक दोन टप्प्यांत, तारेची जाडी आणि मेक प्रत्येक ओळीत लिहून मागावे, आणि प्रत्येक एमसीबी तिच्या तारेला झेपेल एवढ्याच अँपिअरची असेल, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. फ्यूजमधली जाड तार मात्र या सगळ्याची वाट न पाहता आजच काढून घ्यावी, आणि काम होईपर्यंत एसी व गीझर एकत्र चालवू नयेत.

आपला,
आर्थिक सल्लागार, वडोदरा