पोस्टर आधी की अर्ज आधी? वैद्यकीय पेटंटविषयी वाचकांचे प्रश्न

प्र. मी कोल्हापुरात भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतो. दाढीवाल्या किंवा चेहरा भाजलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेतली नळी चिकटपट्टीने नीट बसत नाही, म्हणून एक होल्डर तयार केला. फेब्रुवारीत परिषदेत त्याचं पोस्टर लावलं. आता सगळे म्हणतात, पेटंट हातचं गेलं. खरं आहे का?

उ. सगळं गेलेलं नाही. पण पुढचा फेब्रुवारी यायच्या आत अर्ज पडायला हवा, आणि तोही सगळ्या देशांत कामाला येणार नाही.

जगासमोर आलेली गोष्ट ‘नवी’ राहत नाही, हा मूळ नियम. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये त्याला एक अरुंद फट आहे. विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध, किंवा अशा संस्थेच्या वृत्तांतात संशोधकाच्या संमतीने छापलेला निबंध, यांना १२ महिन्यांची सवलत मिळते. २०२४ च्या नियमांनुसार ती फॉर्म ३१ भरून मागावी लागते. पोस्टर या कलमात बसतं की नाही यावर पेटंट कार्यालयाचा परीक्षक वाद घालू शकतो. त्यामुळे सवलतीच्या भरवशावर अकरा महिने बसून राहू नका. अमेरिकेत वर्षभराची सूट आहे. युरोपात अशा पोस्टरला सूट नाही, तिथला मार्ग बंद झाला असं समजा.

सर्वात आधी पोस्टरची फाइल, परिषदेची स्मरणिका आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले फोटो एकत्र काढा. त्यांतून नेमकं काय उघड झालं ते तपासा. नुसतं ‘नळी सरकली नाही’ एवढे आकडे आणि बाहेरून काढलेला एक फोटो असेल, तर आतली रचना अजून नवी आहे. आडवा छेद दाखवणारी आकृती असेल तर ती रचना उघड झाली. पोस्टरनंतर केलेली सुधारणा मात्र शाबूत आहे, आणि बहुतेक वेळा कामाची चीज तीच असते.

या चुकीला मोठी परंपरा आहे. स्टॅनफर्डच्या वैद्यकीय शाळेतले स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं जोडण्याचं तंत्र नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून टाकलं. विद्यापीठाने अर्ज केला तो नोव्हेंबर १९७४ मध्ये, अमेरिकेतली वर्षाची मुदत संपायला काही दिवस उरले असताना. अमेरिकेतलं पेटंट १९८० साली मिळालं आणि त्यातून वीस कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न झालं. बाकी जगातले हक्क मात्र त्या छापील लेखाने घालवले होते.

प्रबंधाचंही तेच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात यादीवर चढलेला प्रबंध म्हणजे प्रकाशन. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, मग पोस्टर, मग प्रबंध. शैक्षणिक संस्थेला किंवा व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. परिषदेचं नोंदणीशुल्क याहून जास्त असतं. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत संपूर्ण तपशीलपत्र, म्हणजे शोधाचं पूर्ण लेखी वर्णन, द्यावं लागतं, त्याला मुदतवाढ नाही. आणि प्रोव्हिजनल म्हणजे दोन परिच्छेदांची चिठ्ठी नव्हे. त्यात जे नसेल त्याला आधीची तारीख मिळत नाही. क्रमांक घातलेल्या आकृत्या, प्रत्येक भागाचे पर्याय, मापांच्या मर्यादा हे सगळं पहिल्याच दिवशी आत घाला.

प्र. आमच्या अर्जावर कलम ३(आय)चा आक्षेप आला. ‘ही उपचारपद्धती आहे’ असं परीक्षकांचं म्हणणं. आम्ही तर वस्तू बनवली होती!

उ. वस्तू बनवली, पण दाव्यात (नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या मजकुरात) पद्धत लिहिली. माणसावर करायच्या उपचाराच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा निदानाच्या प्रक्रियेला भारतात पेटंट मिळत नाही. त्यासाठी वापरायच्या साधनाला मिळतं. डॉक्टर मंडळींना ‘मी काय करतो’ हे सांगायची सवय असते, त्यामुळे कच्च्या मसुद्यात हमखास असं काहीतरी येतं: ‘नळी तोंडात बसवून, पट्टा डोक्यामागून घेऊन, खटका दाबून नळी स्थिर करण्याची पद्धत.’ हा दावा तिथेच पडतो.

वर विचारलेल्या होल्डरचंच उदाहरण घेऊ. (अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच चालतो, इथे आशय मराठीत देतो.) पहिला दावा असा हवा: ‘श्वासनलिकेतली नळी धरणारं साधन, ज्यात दातांमध्ये बसणारा ठोकळा, त्या ठोकळ्याला नळी बाजूने आत घेणारी उघडी खाच, खाचेच्या कडेला खिळीभोवती फिरणारा कॅम (फिरताना दाब देणारा तुकडा), जो नळी बाहेर ओढली गेल्यास तिच्यावर अधिक दाबला जातो, आणि ठरावीक कोनानंतर कॅमला अडवणारी कड.’

शेवटची कड बघा. नुसता कॅम नळी घट्ट धरेल, पण धरता धरता ती चेपेल आणि आतली वाट अरुंद करेल. ती चेपू नये म्हणून घातलेली कड हा खरा शोध. ती पहिल्या दाव्यात नसेल, तर परीक्षक एखादा जुना कॅमवाला क्लॅम्प समोर ठेवतो आणि विषय संपतो.

मापांचं भान इथेच ठेवायचं. मोठ्या माणसाला सात ते आठ नंबरची नळी लागते, तिचा बाहेरचा व्यास साधारण साडेनऊ ते अकरा मिलिमीटर. दाव्यात ‘१० मिलिमीटरची खाच’ लिहिलं, तर दुसरा कोणी साडेदहाची करून निसटतो. पहिल्या दाव्यात माप नकोच. दुसऱ्या, अवलंबून असलेल्या दाव्यात ‘९ ते ११.५ मिलिमीटर’, तिसऱ्यात कडेचा कोन, चौथ्यात आतलं सिलिकॉनचं अस्तर. आधीचे शोध धुंडाळायला भारतीय पेटंट कार्यालयाची इनपास यंत्रणा आणि युरोपची एस्पेसनेट दोन्ही मोफत आहेत. शब्दांनी शोधण्यापेक्षा वर्गीकरणाने शोधा. श्वासनलिकेच्या नळ्या ए६१एम १६/०४ या गटात सापडतात.

तुमच्या आक्षेपाला उत्तर द्यायला पहिल्या परीक्षण अहवालापासून सहा महिने आहेत, विनंती केल्यास आणखी तीन. पद्धतीचे दावे काढा, साधनाचे ठेवा. पण दुरुस्ती मूळ तपशीलपत्राच्या आतच करता येते. साधनाची रचना तिथे लिहिलेलीच नसेल, तर आता ती घुसवता येणार नाही.

प्र. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. एक डॉक्टर स्केच घेऊन आले, मी जॉब करून दिला. कॅम घसरत होता, त्याला दाते पाडायची कल्पना माझी. पेटंटवर माझं नाव येतं का?

उ. ते दाते दाव्यात आले, तर हो. दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे माल काढून देणारा संशोधक ठरत नाही. अडलेली गोष्ट स्वतःच्या डोक्याने सोडवणारा ठरतो. याच न्यायाने, विभागप्रमुख म्हणून मानाने घातलेलं नाव चूक आहे. वगळलेला खरा आणि घुसवलेला खोटा, दोन्ही नावं पुढे पेटंट अडचणीत आणू शकतात.

नाव आणि मालकी वेगळ्या गोष्टी. मालकी महाविद्यालयाची असेल, तर प्रत्येक संशोधकाचं लेखी हस्तांतरण लागतं आणि अर्जाच्या हक्काचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा लागतो. नोकरीत आहे म्हणून शोध आपोआप संस्थेचा होतो, असं आपल्या पेटंट कायद्यात लिहिलेलं नाही. करारात आणि संस्थेच्या धोरणात काय आहे ते बघतात. डॉक्टरांनाही एक सांगणं: स्केच टेबलावर ठेवण्याआधी गोपनीयतेच्या कागदावर वर्कशॉपवाल्याची सही घ्या. नाहीतर पहिलं ‘प्रकाशन’ तिथेच झालं, असा वाद निघू शकतो.

प्र. एक एजन्सी पंधरा दिवसांत ‘यूके पेटंट’ देते, सहा जणांची नावं घालून. पदोन्नतीला चालेल का?

उ. ती डिझाइन नोंदणी असते, पेटंट नव्हे. ब्रिटनचं कार्यालय डिझाइन नवं आहे की नाही हे तपासत नाही, म्हणून पंधरा दिवसांत होतं. संरक्षण फक्त बाह्य रूपाला. आतला कॅम कोणीही उचलावा. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेलं जीआय (भौगोलिक मानांकन) सुद्धा पेटंट नाही, तो तिसराच प्रकार. समितीसमोर प्रमाणपत्र ठेवताना ‘डिझाइन’ हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारा, कोणी विचारायच्या आधी.

प्र. एकूण खर्च किती? आणि पेटंट मिळालं की लगेच विकता येतं?

उ. शैक्षणिक संस्थेसाठी सरकारी फीचा हिशोब: अर्ज १,६००. दहापेक्षा जास्त प्रत्येक दाव्याला ३२०, म्हणजे १४ दाव्यांना १,२८०. तिसापुढच्या प्रत्येक पानाला १६०, म्हणजे ३६ पानांना ९६०. परीक्षणाची विनंती ४,०००. बेरीज ७,८४० रुपये. शैक्षणिक संस्था म्हणून सवलतीचा दर मागणारा फॉर्म २८ जोडायला विसरलात तर याच कामाला पाचपट दर लागतो. परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत करायची. जुन्या पुस्तकांत ४८ छापलेलं आहे, ते बदललं. नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी ८००, सातव्यापासून २,४००, अकराव्यापासून ४,८००, सोळाव्यापासून ८,०००. मुदत अर्जापासून २० वर्षं. एजंटची फी वेगळी, तिथे घासाघीस चालते.

विक्रीचं म्हणाल, तर पेटंटने फक्त दुसऱ्याला अडवता येतं. विकायला वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खालचा परवाना किंवा नोंदणी लागते. जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग आहेत. त्यासाठी चाचण्या कराव्या लागतात आणि त्या निर्दय असतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या हृदयाच्या झडपेचे आधीचे तीन नमुने चाचण्यांत बाद झाले. एकात वेल्डिंग दगा देत होतं, एकात नीलमची चकती धातूला झिजवत होती, एकात चकतीच फुटली. चौथ्यात साध्या दिसणाऱ्या पॉलिथिलीनची चकती घातली आणि ती झडप डिसेंबर १९९० मध्ये माणसात बसली.

तुमच्या होल्डरचा नमुना थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये काढला असेल, तर तो ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका. पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो; बाहेर काढाल तेव्हा कॅम आणि कड एकमेकांना चिकटलेले असतील. दाखवायला तो नमुना ठेवा. चाचणीसाठी पीक (PEEK) या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या सळईतून सीएनसी यंत्रावर काढून घ्या.