कंपनीतील सोयींचा खर्च मालक आणि कामगार यांनी निम्मा-निम्मा वाटून घेणे योग्य आहे का?

आपल्या 140 कामगारांच्या कारखान्यात बस, कँटीन आणि आईवडिलांचा आरोग्यविमा या तिन्हींचा खर्च यापुढे निम्मा-निम्मा सोसावा, असा प्रस्ताव व्यवस्थापनाने मांडला आहे आणि तो मान्य करावा का, असे आपण विचारले आहे. एमआयडीसीतील कारखान्यांच्या कार्मिक विभागात मी 21 वर्षे काम केले आहे. माझ्या मते वाटणीला हरकत नसावी, पण तिन्ही खर्चांना एकच नियम लावू देऊ नये.

कायद्याने जिथे स्वतः वाटणी ठरवून दिली आहे, तिथे काय दिसते ते आधी पाहावे. राज्य कामगार विमा योजनेत मालकाचा वाटा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. महाराष्ट्राच्या कामगार कल्याण निधीत दर सहामाहीला कामगाराचे 25 रुपये जातात, तर मालकाचे 75. भविष्य निर्वाह निधीत दोघांचे 12-12 टक्के असतात हे खरे, पण ती कामगाराची बचत आहे आणि ती त्यालाच परत मिळते. ताटातल्या भाजीला तो दाखला लावता येत नाही.

कँटीनविषयी आपली बाजू भक्कम आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात 250 हून अधिक कामगार असतील तरच कँटीन सक्तीचे होते; 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या, कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीच्या नव्या संहितेने ही मर्यादा 100 वर आणली. जुन्या कायद्यानुसार कँटीन चालवण्याच्या खर्चातील काही बाबी पदार्थांच्या दरात न धरता मालकानेच सोसायच्या होत्या, आणि तीच विभागणी आजही न्याय्य आहे: जागा, वीज, इंधन, भांडी आणि स्वयंपाक्यांचा पगार कंपनीचा, कामगाराने द्यायचा तो फार तर शिधा-भाजीपाल्याच्या खर्चातला एक भाग. सुरक्षा बूट, हेल्मेट यांचा मात्र एक रुपयाही कामगाराकडून घेता येत नाही, तेव्हा असे काही या प्रस्तावात घुसवलेले नाही ना, हे तपासावे.

कपात कशी होते, याकडेही लक्ष द्यावे. मी पूर्वी होतो त्या एका कंपनीत ताटाला 10 रुपये ठरले आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून ते हजेरीवरून कापले जाऊ लागले. पहिल्याच महिन्यात एक हेल्पर पगाराची स्लिप घेऊन आला, 260 रुपयांच्या आकड्याखाली नख टेकवून म्हणाला, "साहेब, मी तर घरून डबा आणतो." त्याचे म्हणणे बरोबर होते, कारण कामगाराने जी सोय स्वीकारलीच नाही तिचे पैसे वेतनातून कापता येत नाहीत. आम्ही अशा सर्वांची रक्कम परत केली आणि कूपन सुरू केले.

बसचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ठेकेदाराला पैसे फेऱ्यांवर आणि किलोमीटरवर मिळतात, डोक्यांवर नाही. त्यामुळे निम्मा खर्च माणशी वाटला, तर चारजण मोटारसायकलने येऊ लागताच उरलेल्यांचा भार वाढतो. म्हणून अंतराच्या टप्प्यानुसार दरमहा ठरावीक रक्कम घ्यावी आणि रिकाम्या जागांचा खर्च कंपनीने उचलावा. रात्रपाळीच्या महिलांची ने-आण वाटणीत धरूच नये, ती मालकाचीच जबाबदारी आहे.

खरी गुंतागुंत विम्यात आहे. समजा, आईवडिलांचा हप्ता वर्षाला 18,000 रुपये आहे. निम्मे म्हणजे 9,000. हे 80,000 पगाराच्या व्यवस्थापकाला फारसे जाणवणार नाहीत, पण 24,000 वाल्याचा त्यात महिन्याच्या पगाराचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग जाईल. साहजिकच ज्यांचे आईवडील आजारी आहेत तेच नाव नोंदवतील, दावे वाढतील, पुढच्या वर्षी विमा कंपनी दर वाढवील आणि आणखी काहीजण बाहेर पडतील. दोन-तीन नूतनीकरणांत अशी योजना मोडलेली मी पाहिली आहे. ती टिकवायची असेल, तर कामगाराचा वाटा पगाराच्या प्रमाणात ठेवावा, बारा हप्त्यांत कापावा, आणि एकदा आत आलेल्याने किमान तीन वर्षे राहावे असे ठरवावे. ज्यांचे वेतन 21,000 रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या अवलंबित आईवडिलांना राज्य कामगार विमा योजनेत उपचार मिळतातच. त्यांना या विम्याची सक्ती करू नये.

व्यवस्थापनाशी बोलताना टक्केवारीऐवजी रुपयांत आकडा मागावा आणि तो किती काळ बदलणार नाही, हे करारात लिहून घ्यावे. "निम्मा खर्च" मान्य केलात, तर डिझेल आणि तेल-डाळीची प्रत्येक भाववाढ आपोआप कामगारांवर येईल. ठेकेदारांची बिले दर तिमाहीस कामगार प्रतिनिधींना पाहायला मिळावीत, हे कलमही त्याच करारात असू द्यावे.